बेंजो : नाव आफ्रिकेचे, वाद्य जपानचे, मिरवणूक ठाण्याची

१/
ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मिरवणुकांत गेली कित्येक वर्षे जे वाद्य ‘बेंजो’ या नावाने वाजते आहे, ते मुळात बँजो नव्हे. अमेरिकेतील बँजोला कातडे ताणलेले गोल अंग आणि लांब मान असते. ठाण्याचा बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि त्या तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. तारा सोडल्या तर दोघांत सारखे काही नाही. तरीही नाव एकच. या नावाचा आणि या वाद्याचा माग काढू लागले की पश्चिम आफ्रिका, व्हर्जिनिया, नागोया आणि मुंबई अशा चार मुक्कामांवर थांबावे लागते. (थ्रेड)

२/
प्रथम वाद्य. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळील गणेश घाटाकडे किंवा ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या परिसरात मिरवणुका निघतात. त्यांत ‘बेंजो पार्टी’ असली तर तिचे रूप ठरलेले असते. हातगाडीवर किंवा टेम्पोवर जनरेटर आणि स्पीकर, पुढे गळ्यात ताशा-ढोल अडकवलेले वादक, सोबत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, आणि या सगळ्यांच्या मधोमध बेंजो. गायक नसतो. गाण्याची चाल सांगण्याचे काम एकटा बेंजो करतो, आणि शब्द ऐकणाऱ्यांना पाठ असतात.

३/
वादकाचा डावा हात बटणांवर असतो, उजव्या हातात तार छेडण्याची पट्टी असते. बटण दाबले की त्याखालची तार ठरलेल्या जागी दबते आणि ठरलेला स्वर निघतो. सतारीसारखी मींड येथे सहज निघत नाही. म्हणून वादक तीच तार अतिशय झपाट्याने छेडत राहतो आणि स्वर लांबवतो. पेटीत विजेच्या गिटारसारखा पिकअप बसवला की हा आवाज स्पीकरमधून इतका टोकदार होतो की चाळीस माणसांच्या ताशा-ढोलांवरही तो तरंगत राहतो. उघड्या रस्त्यावर, गोंगाटात, चालता चालता चाल ऐकवायची, तर याहून सोयीचे वाद्य सापडणे कठीण.

४/
हे वाद्य जन्मले जपानमध्ये. १९१२ साली जपानमध्ये सम्राट तैशो गादीवर आला. त्याच वर्षी नागोया शहरातील मोरिता गोरो या वादकाने ‘तैशोगोतो’ तयार केले. ‘कोतो’ हे जपानचे जुने, लांबलचक, दरबारी तंतुवाद्य. ते शिकायला वर्षे लागत. मोरिताने कोतोच्या कल्पनेला टाइपरायटरच्या बटणांची जोड दिली. ज्याला स्वरांची जागा बोटांनी शोधणे जमत नाही, त्यालाही बटण दाबून चाल वाजवता यावी, हा त्यामागचा विचार होता. जपानच्या सामान्य घरांत ते लवकरच पोहोचले. जुन्या जपानी वाद्यावर पाश्चात्त्य यंत्राची बटणे, म्हणजे जन्मतःच ते संकरित होते.

५/
दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्वस्त जपानी माल भारताच्या बाजारपेठांत मोठ्या प्रमाणावर येत होता. हे वाद्यही भारतीय उपखंडात आले आणि येथे त्याला नवी नावे मिळाली. ‘बुलबुल तरंग’ हे त्यांतले सर्वांत सुंदर. पंजाबात ते घरगुती गाण्यांना साथ करू लागले. कराची-मकरानच्या पट्ट्यात बलुच वादकांनी त्याचा आकार वाढवला, त्याला ‘बेंजू’ म्हटले आणि आपल्या लोकसंगीताचे मुख्य वाद्य करून टाकले. मुंबई-ठाण्याने त्याला वीज जोडली आणि ‘बेंजो’ म्हटले. बेंजू काय आणि बेंजो काय, हे नाव जपानी नाही. ते आले अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून.

६/
पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गांबियाच्या प्रदेशात, भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडे ताणून आणि त्याला काठीची मान जोडून केलेली तंतुवाद्ये आजही वाजतात. जोला लोकांचे ‘अकोंतिंग’ हे त्यांतलेच एक. गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या माणसांना सामान नेता येत नव्हते. पण वाद्य कसे करायचे हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. कॅरिबियन बेटांवर त्यांनी ते पुन्हा घडवले. हान्स स्लोन हा वैद्य १६८७-८८ मध्ये जमैकात होता. त्याने १७०७ साली छापलेल्या ग्रंथात अशा वाद्यांचे चित्र आहे. ‘बँजा’, ‘बँजार’ अशा रूपांतून पुढे ‘बँजो’ हे नाव स्थिरावले.

७/
म्हणजे अमेरिकेत बँजो हे प्रारंभी फक्त कृष्णवर्णीयांचे वाद्य होते. थॉमस जेफरसनने १७८०च्या दशकात व्हर्जिनियाविषयी लिहिताना ते आफ्रिकेतून आलेले वाद्य असल्याची नोंद केली. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता आणि त्याला व्हायोलिनची आवड होती. त्याच्या घरात व्हायोलिन आणि गुलामांच्या वस्तीत बँजो, अशी त्या समाजाची वाटणी होती. पुढे हीच दोन वाद्ये एकत्र आली आणि त्यांच्या जोडीवर अमेरिकेच्या डोंगराळ भागातील संगीत उभे राहिले. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांचे व्हायोलिन, म्हणजे तिथल्या बोलीत ‘फिडल’, आणि आफ्रिकेचा बँजो.

८/
ही जोडी जमली ती मात्र सरळ मार्गाने नव्हे. १८३०-४०च्या दशकांत व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने कृष्णवर्णीयांकडून ऐकलेला बँजो रंगमंचावर नेला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या मंडळीने चेहऱ्याला काजळी फासून गुलामांची नक्कल करणारे खेळ सुरू केले. हे ‘मिन्स्ट्रेल’ खेळ अफाट लोकप्रिय झाले. ज्यांचे वाद्य, त्यांचीच टिंगल त्या वाद्याच्या साथीने होऊ लागली. या अपमानाशी जोडला गेलेला बँजो पुढे अनेक कृष्णवर्णीय वादकांनी हळूहळू खाली ठेवला, आणि गोऱ्या डोंगराळ समाजाने तो उचलून धरला.

९/
त्यानंतर आल्या ध्वनिमुद्रिका. १९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘ओके’ कंपनीची मुद्रिका जोरात खपली आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचा बाजार कंपन्यांच्या ध्यानात आला. १९२३ मध्ये त्याच कंपनीने अटलांटात फिडलर जॉन कार्सनचे मुद्रण केले, तेव्हा ग्रामीण गोऱ्यांचाही बाजार दिसला. मग दोन याद्या झाल्या : एक ‘रेस रेकॉर्ड्स’, दुसरी ‘हिलबिली’. गावातले वादक एकमेकांच्या चाली उचलत होते. याद्या मात्र कातडीच्या रंगावरून वेगळ्या छापल्या गेल्या. दुकानातील मांडणीच्या सोयीसाठी झालेली ही फाळणी पुढच्या पिढ्यांनी इतिहास म्हणून स्वीकारली.

१०/
कंट्री संगीताचा जन्म म्हणून १९२७च्या उन्हाळ्यातील ब्रिस्टल गावच्या ध्वनिमुद्रणांकडे बोट दाखवले जाते. राल्फ पीअरने तेथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना प्रथम मुद्रित केले. ए. पी. कार्टर यांच्यासोबत गाणी गोळा करत हिंडणारा आणि ऐकलेल्या चाली लक्षात ठेवणारा गिटारवादक लेस्ली रिडल कृष्णवर्णीय होता. जिमी रॉजर्सच्या गाण्यात कृष्णवर्णीयांचे ब्लूज आहे, आल्प्स पर्वतातील गुराख्यांचे ‘योडल’ आहे आणि हवाई बेटांची स्टील गिटार आहे. १९३०च्या एका मुद्रिकेत त्याच्या साथीला लुई आर्मस्ट्राँग होता.

११/
नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या तारकांपैकी एक डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथऑर्गनवादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवणारा रूफस पेन हा रस्त्यावर वाजवणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने याद्यांची नावे बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ अशी केली. नावे सभ्य झाली, भिंत तीच राहिली. आफ्रिकेच्या भोपळ्यातून निघालेला बँजो आता गोऱ्या खेड्याचे चिन्ह म्हणून ओळखला जाऊ लागला.

१२/
हेच नाव मुंबईत कसे आले? १८६०च्या दशकापासून काजळी फासून खेळ करणाऱ्या अमेरिकी मिन्स्ट्रेल मंडळ्या भारतातही येत होत्या. डेव्ह कार्सन हा त्यांतला सर्वांत गाजलेला नट. कलकत्ता आणि मुंबईत त्याने मुक्काम ठोकले आणि तो येथल्याच लोकांच्या नकला करू लागला. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी याचे कृष्णवर्णीय जॅझ पथक वाजवू लागले. म्हणजे बँजो हा शब्द आधी टिंगलीच्या रंगमंचावरून आणि मग जॅझच्या नृत्यगृहातून या शहराच्या परिचयाचा झाला. तार छेडून वाजणाऱ्या नव्या, परदेशी वाद्याला ते नाव चिकटायला एवढी ओळख पुरेशी होती.

१३/
अशा रीतीने आफ्रिकेचे नाव आणि जपानचे वाद्य मुंबईच्या परिसरात एकमेकांना भेटले. परंतु ठाणे जिल्ह्यात त्यांना जी चाल मिळाली, तीही एका घराण्याची नव्हती. या किनाऱ्यावर संगीताचे थर फार पूर्वीपासून साठत आले आहेत. ठाणे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले. या सुमारे दोनशे वर्षांत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन येथल्या ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत पोहोचले. मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च ही त्या काळाची आजही उभी असलेली खूण.

१४/
धर्म बदलला तरी बोली आणि गाणी बदलली नाहीत. १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेल्या या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या लग्नांत व्हायोलिन आणि ब्रास बँड वाजू लागले. पण गाणी राहिली किनाऱ्याचीच, कोळी-आगरी वळणाची. हिंदू कोळ्यांच्या वरातींतही बँड आला. आज ज्याला कोळीगीत म्हणून महाराष्ट्र ओळखतो, त्याच्या ठेक्यात होडीच्या वल्ह्याची लय जितकी आहे, तितकीच युरोपीय बँडच्या ड्रमची शिस्तही आहे. अमेरिकेच्या डोंगरात फिडलने जे केले, ते ठाण्याच्या खाडीकाठी व्हायोलिन आणि कर्ण्यांनी केले.

१५/
खाडीपासून आत, कल्याण-भिवंडी-डोंबिवलीच्या गावांत आगरी समाजाची हळद हा संगीताचा मोठा प्रसंग. तेथे पूर्वी धवलारीण लग्नाचे धवले गात असे. तिच्या गाण्यांत विधी, देव आणि कुळ यांचा सविस्तर उच्चार असे, आणि सारा विधी तिच्या गळ्यावर चालत असे. पुढे हळदीच्या रात्री नाचाला महत्त्व आले, तसे अंगणात बेंजो आला. जुन्या चाली बटणांवर उतरल्या, त्यांच्या मागे सिनेमाची गाणी लागली. धवलारिणीचे शब्द मागे पडले. नव्या वाद्याने जुन्या चालीला श्रोते दिले आणि जुन्या गायिकेची जागा घेतली; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

१६/
बेंजोला गाण्यांचा सर्वांत मोठा साठा मिळाला तो कल्याणकडून. मंगळवेढ्यात १९३३ मध्ये जन्मलेले आणि पुढे कल्याणकर झालेले प्रल्हाद शिंदे हे मराठी भक्तिगीतांचा आवाज म्हणून घराघरांत पोहोचले. या आवाजाची घडण मात्र कव्वालीत झाली होती. तरुणपणी ते इस्माईल आझाद यांच्या कव्वालीच्या संचात गात असत. वरच्या पट्टीतली हाक, टाळीचा ठेका, ओळ पुन्हा पुन्हा उचलून धरण्याची रीत हे सारे त्यांनी विठ्ठलाच्या गाण्यांत आणले, आणि बाबासाहेब आंबेडकरांवरच्या भीमगीतांतही. पंढरीच्या वारीला भावलेला हा स्वर कव्वालीच्या मैफलीत तयार झालेला होता.

१७/
१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांची गाणी रिक्षांपासून रसवंतीपर्यंत वाजू लागली. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’ने तर विक्रीची जुनी गणिते मोडली. ही गाणी आकाशवाणीच्या अभिरुचीने निवडलेली नव्हती; ती बाजाराने आणि वस्त्यांनी निवडली होती. तमाशाचा ठसका, कव्वालीची हाक, भजनाचा ठेका आणि सिनेमाचा वाद्यमेळ त्यांत एकत्र नांदत होता. बेंजो पार्ट्यांनी ती कॅसेटवरून कानाने उचलली. स्वरलिपी नाही, शाळा नाही. टेप मागे-पुढे करत चाल बसवायची आणि रात्री तालीम करायची, हीच शिकवणी.

१८/
म्हणून एकच बेंजो पार्टी वर्षभरात सारा समाज फिरून येते. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची मिरवणूक, लग्नसराईत हळद आणि वरात, मग दहीहंडी, गणपती, नवरात्र. सुपारी कोणाची त्याप्रमाणे पहिले गाणे बदलते. वादक तेच असतात. यांतले बहुतेक दिवसा दुसरे काम करणारे : कोणी कारखान्यात, कोणी रिक्षावर, कोणी पालिकेच्या सेवेत. गाव, जात आणि पंथ यांच्या सीमा जेथे एरवी कडक असतात, तेथे या हंगामी कलावंतांच्या संग्रहात सगळ्यांची गाणी शेजारी शेजारी राहतात.

१९/
असे असूनही ‘पारंपरिक वाद्य’ म्हटले की बेंजोचे नाव निघत नाही; नाव निघते ढोल-ताशाचे. पण ताशाचा प्रवास तरी कुठे सरळ आहे? ‘ताशा’ हा शब्द फारसीतून आला. मोहरमच्या ताबूत मिरवणुकांचे ते प्रमुख वाद्य होते, आणि महाराष्ट्राच्या अनेक गावांत त्या मिरवणुकांत हिंदूही उत्साहाने सामील होत. १८४५ पासून त्रिनिदादला गेलेल्या भारतीय मजुरांनी ताशा सोबत नेला. तेथे मोहरमला आणि लग्नांना तो ‘तासा’ म्हणून आजही घुमतो. ज्या वाद्याला येथे अस्सल मराठी मानले जाते, त्याच्यावर कॅरिबियन बेटावर भोजपुरी वंशजांचा तितकाच हक्क आहे.

२०/
१८९३च्या मुंबईतील दंगलीनंतर हे चित्र बदलू लागले. १८९४ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, हिंदूंचा ताबुतांतील सहभाग ओसरला आणि गणपतीपुढे मेळे गाऊ लागले. मिरवणुका वेगळ्या झाल्या. ताशा दोन्हीकडे राहिला. पुढे पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी शिस्तबद्ध पथके उभी केली. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. आज पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर ढोल-ताशाची पथके वाजतात तेव्हा ती परंपरा प्राचीन वाटते. तिचे आजचे रूप मात्र कॅसेटच्या बेंजोहूनही तरुण आहे.

२१/
परकीयपणाचा आरोप बेंजोच्या आधी हार्मोनियमवर झाला होता. पॅरिसमध्ये १८४०च्या दशकात घडलेले हे वाद्य भारतात आले, कलकत्त्यात त्याला हाताचा भाता मिळाला आणि मराठी संगीत नाटक, कीर्तन, भजन यांत ते घरचे झाले. तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली, आणि ती १९७० नंतरच सैल झाली. बंदीच्या तीस वर्षांत मंदिरांतून पेटी हटली नाही. वाद्य कोणत्या देशात जन्मले यावरून लोकांनी ते ठेवले किंवा टाकले नाही. आपल्या गळ्याला आणि रस्त्याला ते उपयोगी पडते का, एवढेच पाहिले.

२२/
बेंजोपुढचा आजचा प्रश्न अधिक अवघड आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेसह अनेक याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये विस्तृत निकाल दिला. रुग्ण, वृद्ध आणि अर्भके यांच्या शांततेचा हक्क खरा आहे. स्पीकरवर चालणारा बेंजो त्यातून सुटत नाही. दुसऱ्या बाजूने डीजेने त्याची सुपारी खाल्ली : एक माणूस, एक लॅपटॉप, आणि पंधरा वादकांचा खर्च वाचला. नियमांत ‘ध्वनिवर्धक’ आणि बाजारात ‘जुना’, अशा दोन शिक्क्यांमध्ये बेंजो सापडला आहे.

२३/
तिसरा शिक्का प्रतिष्ठेचा. डोंबिवलीत वाढलेले दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट केला. रितेश देशमुख त्यात बेंजोवादक होता. मुख्य प्रवाहाच्या पडद्यावर या वादकाला नायकपण मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच. संगीताच्या इतिहासग्रंथांत घराणी आहेत, नाट्यपदे आहेत, भावगीते आहेत. हातगाडीमागे चालणारा वादक त्यांत क्वचितच दिसतो. अमेरिकेत याद्या छापताना जे घडले, त्याच्याशी याचे साम्य आहे. ज्याचे नाव यादीत नसते, तो काही दशकांनी इतिहासातही नसतो.

२४/
अमेरिकेने ही चूक उशिरा निस्तरायला घेतली. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून गावी कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. त्याच वर्षी डीफोर्ड बेलीला कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत स्थान मिळाले. तेव्हा त्याला जाऊन तेवीस वर्षे झाली होती. २०२४ मध्ये बियॉन्से ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्या गाण्यात बँजो वाजवला होता ऱ्हिआनन गिडन्स यांनी, ज्यांची वाटचाल बूनच्या मेळाव्यातून सुरू झाली. बँजोचा आफ्रिकी वारसा त्या देशाला पुन्हा ऐकू यायला एवढी वर्षे लागली.

२५/
ठाणे-कल्याणला इतका उशीर करण्याची गरज नाही. १९८०च्या दशकात जे विशीत होते आणि कॅसेटवरून चाली उचलत होते, ते वादक आज साठीत आहेत. पेटीला पिकअप कोणी बसवला, कोणती चाल कोणी प्रथम रस्त्यावर आणली, हळदीच्या अंगणात धवलारिणीनंतर पहिला बेंजो कोणी वाजवला, हे त्यांच्या आठवणीत आहे. गावोगावच्या वाचनालयांना, महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांना ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करता येण्याजोगे आहे. अनंत चतुर्दशीच्या दिवशी या वादकांना बोलायला उसंत नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीवरचे सामान उतरवून झाल्यावर, ती असते.